सेनिसोला पाणी

"लाड करू नकोस या झुडपाचे, पोरी. ते उपाशीपोटीच फुलतं." शेळ्यांमागून चालता चालता बाबा हे म्हणाले, तेव्हा ओफेलिया सात वर्षांची होती. आता ती एकसष्टची. बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले, रिओ ग्रांदे नदीकाठचा त्यांचा माळ विकला गेला, त्यावर बुलडोझर फिरला. त्याआधी तिनं तिथलं सेनिसोचं एक झुडूप मुळासकट काढून अंगणात लावलं होतं. राखेच्या रंगाची पानं, जांभळी फुलं. बाबांचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही पिवळं पडत चाललं होतं.

ऑक्टोबरपासून आभाळानं थेंब दिला नव्हता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिनं बुंध्याशी बोट खुपसलं, तर आत चिखल. वासही कुजका.

"लिब्रादो! इकडे ये. नळी कुणी सोडली इथं?"

नवरा टोपी चुरगाळत आला. या झुडपांना चाळीस वर्षं 'शेळ्यांचा नाश्ता' म्हणणारा माणूस.

"मीच. रोज थोडं थोडं."

"थोडं? बेडकं पोहतील यात!"

"वाटलं, तहानलंय बिचारं. मरेल का गं?"

"माझ्या हातचं? छे! फावडं आण. आणि सुतकी तोंड घेऊन येऊ नकोस."

तिनं चहूबाजूंनी खणून ते अलगद उचललं, काळा चिखल झटकला, मऊ पडलेली मुळं कात्रीनं छाटली. "ही बघ, आतली टणक आहेत अजून. माझ्या बापासारखंच चिवट आहे." मग दोघांनी चुनखडीच्या खडीचा गुडघाभर उंच ढीग रचला आणि झुडूप त्याच्या माथ्यावर बसवलं. निम्म्या फांद्या तिनं बेधडक कापल्या. मुळं कमी, तर भारही कमी.

"आता पाणी?"

"एकदाच, खडी बसण्यापुरतं. मग ती नळी तुझ्या भावाला देऊन टाक."

लिब्रादो बुंधा सरळ धरून बसला होता. ती हातानं खडी लोटत राहिली.

"सोड, म्हाताऱ्या. उभं राहिलं ते."

त्यानं सोडलं नाही.

"एवढी माया कधीपासून आली रे तुला याची?"

"त्या शेवटच्या दुपारी," तो खाली बघतच म्हणाला, "तुझे बाबा उठलेच नाहीत, असं मी सांगितलं ना... ते खोटं होतं. शुद्धीवर आले होते ते. दोनदा तुझं नाव घेतलं. तू तीन रात्रींची जागी, शेजारच्या खोलीत नुकतीच झोपली होतीस. मी तुला उठवलं नाही, ओफेलिया."