भंगारातलं पाणी

परवा खंडेनवमीला तपासणीच्या मशीनवरच्या वर्षाराणीनं दोनदा पट्टा थांबवला आणि दोन्ही वेळा भंगारात काहीच सापडलं नाही. कारखान्याचे मॅनेजर काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तिसऱ्यांदा उगीच थांबवलं तर मशीन इथंच राहील, बाई बदलेल."

जालन्याच्या त्या सळई कारखान्यात भंगार पट्ट्यावरून भट्टीकडे जाई. वाटेत एक मोठी पेटी होती. पेटीत न्यूट्रॉनचा झोत भंगारात घुसे, आतलं प्रत्येक मूलद्रव्य आपली ओळख सांगणारे गॅमा किरण परत पाठवी, आणि तांबं किती, क्रोमियम किती ते पडद्यावर उमटे. वर्षाराणीची नजर मात्र हायड्रोजनच्या रेघेवर असे. हायड्रोजन म्हणजे पाणी. बंद नळीत अडकलेलं पाणी वितळत्या लोखंडात पडलं, की बॉम्बच.

परवा ती रेघ दुपारभर वर होती. आज सकाळी रिकाम्या पट्ट्यावरही वरच. मशीनच बिघडलं असं समजून तिनं तोच आकडा शून्य धरला. रेघ खाली आली, तिचा जीव भांड्यात पडला.

पावणेबाराला पट्ट्यावरचे त्रिंबकमामा नारळाची भकलं घेऊन आले.

"घ्या ताई, परसाद. तुमच्या मशीनचा."

"माझ्या?"

"मंग! समद्या मशीनी पुजल्या, तुमचीच उपाशी ठिवायची का? पट्ट्याखाली कलश ठिवल्ता. काल दसऱ्याची सुट्टी, म्हणून आज चहाच्या टायमाला काढला. बीम बंदच व्हता, भिऊ नका."

"कलशात पाणी होतं?"

"रिकामा कलश कोन पुजतं?"

तिनं भकलं त्यांच्या हातातून काढून घेतली. "हे कुणी खायचं नाही, मामा. न्यूट्रॉनच्या झोतात होतं ते."

पाण्याचा कलश आत असताना तिनं शून्य लावलं होतं. कलश निघाला, तेव्हा रेघ शून्याच्याही खाली जायला हवी होती, पण पडदा शून्याखालचं दाखवत नसे. म्हणजे चहानंतर कोरडं भंगारही शून्य आणि कलशाएवढं पाणी असलेलं भंगारही शून्यच. तिनं मूळ आकडे उघडले. चहानंतर ते खाली गेले होते, पण साडेअकराला चार मिनिटं पुन्हा चढले होते.

"मामा, साडेअकराचं भंगार कुठंय?"

"क्रेनच्या बादलीत. ती बघा, उचलली."

तिनं काकासाहेबांना फोन लावला.

"साहेब, बादली थांबवा. आत पाणी आहे."

"परवाही होतं म्हणे."

"परवाचं कारण कळलं. आज शून्य मी चुकीचं लावलं होतं."

"म्हणजे मशीन चुकलं, तुम्हीही चुकलात. मग मी भट्टी कशाच्या भरवशावर थांबवू?" फोन बंद.

ती धावत सुटली. भट्टीच्या कट्ट्यावर महेबूबचाचा हात वर करून उभे होते. त्यांचा हात खाली आला की क्रेनवाला बादली उघडायचा. काठाला तीन माणसं होती. आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. तिनं जिना चढून चाचांचं मनगट वरच धरलं.

"छोड बेटी! पागल झाली का?"

"चाचा, बादलीत पाणी आहे."

"पक्कं?"

परवा ती 'पक्कं' म्हणाली होती.

"पक्कं नाही सांगत. पण आकडे तसं म्हणतात."

चाचांनी काठावरच्या तिघांकडे पाहिलं आणि वरच्या हाताची मूठ वळली. क्रेन थांबली.

"दोनदा न्हाई निघालं, म्हणून तिसऱ्यांदा निघणारच न्हाई असं कुठं लिहिलंय?" ते म्हणाले.

बादली अंगणात ओतली. काकासाहेब येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. अँगल, सळया, गाडीची दारं. वीस मिनिटं गेली, काहीच नाही.

"झालं समाधान?" काकासाहेब म्हणाले.

"जरा ठहरो साहेब." चाचांनी दारांखालून मांडीएवढा जाड जॅकचा सिलेंडर ओढला. दोन्ही तोंडं बंद. कान लावून हलवला. आत डुचमळलं. पान्यानं बूच पिळलं, तसं तांबूस पाणी भळभळ त्यांच्या बुटांवर सांडलं. थांबेचना.

काकासाहेबांनी आधी पाण्याकडे, मग भट्टीच्या काठाकडे पाहिलं.

"शून्य नीट लावायला किती वेळ लागेल?"

"दोन तास, साहेब."

"लावा. तोवर पट्टा बंद."