कुंकवाचा डाग असलेली ठवणी

मित्रांनो, अंबाजोगाईच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या दाराशी काचेचे कपाट आहे ना, त्यात बसलेली मी एक जुनी ठवणी. ठवणी म्हणजे पोथी ठेवून वाचायची लाकडी घडी. उघडली की कात्रीसारखी उभी राहते, मिटली की साधी फळी होते. वय विचारू नका. म्हातारीला वय विचारले की ती गोष्ट सांगायचीच विसरते.

निजामाचे राज्य होते आणि या गावाला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. कासमभाई सुताराने मला शिसवीच्या एका फळीतून कोरले, एकही खिळा न मारता. देवळाची ठवणी आणि मशिदीत कुराण ठेवायची रेहल तो सारखीच घडवी. नक्षी मात्र गिऱ्हाईक देवळाचे की मशिदीचे ते पाहून काढी. मला घ्यायला आले राधाकिशन मास्तर. त्यांनी एका खोलीत नवे वाचनालय काढले होते.

"किताबघराला पायजे? मग वेल काढतो," कासमभाई म्हणाला. "वेल कुनाचीबी न्हाई."

वाचनालयात एक कपाट होते आणि एक चटई. वाचता येणारी माणसे कमी आणि ऐकणारी फार, म्हणून दिवेलागणीला मास्तर माझ्यावर पुस्तक ठेवून मोठ्याने वाचत. मला भारी चौकसपणा. भूगोल, शेती, आगबोटी, सगळे माझ्या पाठीवरून गेले. अजून समुद्र पाहिला नाही, पण भरती-ओहोटी विचारा, फडाफडा सांगेन!

घोटाळा एवढाच की, ठवणीवर ठेवलेली ती पोथी, असे बायांना वाटे. शेजारच्या भामाबाई रोज यायच्या आणि पुस्तकाला हळदकुंकू वाहून उंबऱ्याशी बसायच्या.

"भामाबाई, ही पोथी न्हाई, साधं पुस्तक हाय! पानं खराब होतेत," मास्तर वैतागत.

"असू द्या की. शाण्या मानसानंच लिव्हलं असंल," म्हणून त्या बोटाचे उरलेले कुंकू माझ्या वेलीला पुसत. मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

त्या उन्हाळ्यात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, येऊन गेली होती. भामाबाईंचा बंकट, चांगला हाताशी आलेला मुलगा, सकाळी पायऱ्यांच्या बारवेवर पाण्याला गेला आणि संध्याकाळी नव्हता. लोक म्हणाले, देवीचा कोप. भामाबाई मास्तरांना एकच विचारायच्या, कावून, म्हणजे का: "माजा बंकट कावून गेला? तुमच्या एवढ्या पुस्तकांत कुठं लिव्हलं न्हाई का?"

मास्तरांनी खटपट करून औरंगाबादेहून आरोग्याचे पुस्तक मागवले. पटकीचा धडा वाचायचा ठरला त्या दिवशी खोली भरून माणसे बाहेर ओट्यावर बसली. मास्तरांनी पान उघडले आणि दारात बुटांचा आवाज झाला. पोलिसांचे अमीनसाहेब!

त्या काळी सरकारी परवानगीशिवाय सभा भरवायची नाही, असा हुकूम होता. देवाच्या पोथीला फारसे कुणी अडवत नसे.

"मजमा कावून जमवला, मास्तर?" अमीनसाहेबांनी विचारले. त्यांच्या हातात कुलूप होते. "पोथी हाय का किताब?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. पोथी म्हणावे तर खोटे, पुस्तक म्हणावे तर वाचनालयाला टाळे. कुंकवाने लाल झालेल्या पानावर ते उगाच हात फिरवू लागले.

बोलल्या त्या भामाबाई. "साहेब, पोथी न्हाई म्हनतेत मास्तर. पर माजं लेकरू कावून गेलं ते ह्याच्यात लिव्हलंय. तेवढं ऐकू द्या, मंग खुशाल कुलूप लावा. आन् आत येताव तर बूट काढा."

अमीनसाहेब माझ्याकडे पाहत राहिले.

"ही तर रेहल हाय," ते हळूच म्हणाले. "कासमभाईच्या हातची. आमच्या घरी अशीच हाय." कुलूप बाजूला ठेवून त्यांनी बूट काढले आणि चटईच्या कडेला बसले. "पढो, मास्तर."

मास्तरांनी वाचले. आजाऱ्याचे कपडे विहिरीत, बारवेत धुतले की रोग पाण्यात उतरतो. ते पाणी न उकळता पिणाऱ्याला पटकी होते. सगळ्या गल्लीचे धुणे बारवेच्या पायरीवर, आणि पिण्याचे पाणीही तिथलेच.

"म्हंजी देवी कोपली नव्हती," भामाबाई म्हणाल्या. "निस्तं पानी उकळायचं व्हतं. आमाला कुनी सांगितलंच न्हाई की वो!"

त्या रडल्या. मीही रडले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप लागले नाही. बारवेवर मात्र एक शिपाई उभा राहिला, कुणाला पायरीवर धुणे धुऊ देईना. पुढच्या आठवड्यात अमीनसाहेबांनी पुस्तकासकट मला त्यांच्या मोहल्ल्यात नेले. तिथे मास्तर वाचत आणि साहेब दखनीत समजावून सांगत. उंबऱ्याशी भामाबाई होत्याच, हातात कुंकवाची कोयरी घेऊन.

आता मी या कपाटात असते. इथे हजारो पुस्तके आहेत, प्रदर्शने भरतात, पाहुणे येतात. माझ्यापुढे पाटी आहे, 'हात लावू नये.' परवा एकाने पॉलिशचा डबा आणला आणि माझ्या वेलीवरचा लाल डाग घासू लागला. नशीब माझे, तेवढ्यात घंटा झाली.

मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, तो डाग तेवढा राहू द्या. आणि जमले तर कधी काच उघडा, माझ्यावर एखादे पुस्तक ठेवा आणि मोठ्याने वाचा. 'कावून?' असे विचारत कुणी आजही उंबऱ्याशी बसलेले असेल.