वेचू नका, मोजा

मी गोचीड बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा. माझा जन्म पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, कापसाचा बोळा लावलेल्या काचेच्या नळीत झाला. टोमणे आम्हाला जन्मापासून कळतात.

माझ्या आईने तीन हजार अंडी घातली होती. आम्हाला वाढवलं डॉक्टर उत्कर्षाताईंनी, तेही आमच्याच वाईटावर टपून. आमच्यापासून गुरांना वाचवणारी लस त्या सहा वर्षं बनवत होत्या. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आनंदीबाईंची एक गाय गोचीड-तापाने गेलेली, म्हणून त्यांनी आपल्या दोन गाई चाचणीला दिल्या. गौरीला लस टोचली, चंद्रीला नाही. मग दोघींच्या पाठीवर कापडी पिशव्या चिकटवून त्यांत माझ्या थोरल्या बहिणी सोडल्या.

दहाव्या दिवशी गौरीची पिशवी रिकामी! ताईंचा आनंद गगनात मावेना. तेवढ्यात पिशवीवर नवी शिवण दिसली.

"आजी, तुम्ही उघडली होती का?"

"मग? लाडाची गाय हाय माजी. गोचिडी वेचल्याबिगर म्या सकाळी चा बी घेत न्हाय. समद्या राकेलात टाकल्या."

तो आकडा तसाच लिहिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. ताईंनी वहीच्या पानावर आडवी रेघ मारली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून." हे आमच्या नळीपर्यंत पोचलं आणि मी या बाईंना मनापासून मानलं.

दुसऱ्या खेपेला गौरीच्या पाठीवर माझा नंबर लागला. आनंदीबाई रोज समोर येऊन उभ्या राहायच्या, हात पदराखाली घट्ट धरून.

"वेचू का गं?"

"नका आजी. मोजा."

जन्मभर वेचत आलेले हात एकवीस दिवस आवरून धरणं सोपं नाही. त्यांनी ते धरले.

गौरीचं रक्त मी प्यायले, पण ते पचेना. पोट आतून जळत गेलं. चंद्रीवरच्या बहिणी एरंडाच्या बीएवढ्या फुगून गळल्या. मी गळले ती मसुरीएवढी.

आता बाटलीत पडून आहे. अंडी झाली सतरा, तीही सुकलेली. ताईंनी ती तीनदा मोजली आणि आनंदीबाईंच्या गळ्यात पडून रडल्या.

"आता तरी चिरडू हिला?"

"नको आजी. खरं काय ते हिनंच सांगितलं."

एवढा मान आमच्या कुळात कुणाला मिळाला नसेल. माझ्यामागे कुणी उरणार नाही, याचं वाईट वाटतंच. पण मंडळी, हे एकाच गाईचं झालं. अजून पुष्कळ गाई बघायच्या आहेत. तेव्हा माझ्या बहिणी दिसल्या तर खुशाल मारा, फक्त आधी नीट मोजा.

आनंदीबाई बाटलीपाशी बसल्या आहेत. हात अजून पदराखालीच आहेत.