कोरडी आंघोळ

महाळुंग्याच्या नव्या घराचा स्लॅब पडला, भिंती झाल्या, आणि काम येऊन अडलं ते बाथरूमच्या एका कोपऱ्यापाशी. कोपरा केवढा, तर एक माणूस उभा राहील एवढा. पण त्यापायी अर्जुनराव आणि त्यांची सून दिपाली आठवडाभर एकमेकांशी फार गोड बोलत होते, आणि त्या घरात गोड बोलणं म्हणजे भांडणच.

दिपालीला त्या कोपऱ्यात वॉशिंग मशीन हवं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. लग्न होऊन ती भोसरीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली तेव्हापासून चाळीच्या सामायिक नळावर धुणं धूत होती, तेही पॅकिंगच्या कंपनीत दिवसभर उभी राहून आल्यावर. अर्जुनरावांना तो कोपरा मोकळा हवा होता. कशासाठी, ते सांगत नव्हते.

"जागा लागते," एवढंच म्हणायचे.

"पण कशाला, आबा?"

"लागते."

रविवारी सगळे नव्या घरी जमले. अर्जुनराव, त्यांचा मुलगा गणराज, दिपाली आणि चौथीतली नात मैत्री. नौशाद प्लंबरही आला होता. सोमवारपासून तो पाइप गाडणार होता.

"काका, काय ते आज ठरवा," तो म्हणाला. "एकदा पाइप गाडले, वर कोबा पडला, की मग कमोड इकडं सरकव न् बेसिन तिकडं घे म्हणून मला फोन करायचा नाही. मी फोन उचलणारच नाही."

"तू एरवी तरी कुठं उचलतोस?" गणराज म्हणाला. मग वडिलांकडं वळला. "आबा, मशीन बसतंय हो. मी टेप लावून बघितलंय."

"टेपला काय कळतंय? टेप हात-पाय हलवत नाही."

अर्जुनरावांचा जन्म चाकणच्या कंपनीत गेला होता. तिथं नवी लाइन टाकायची तर आधी जमिनीवर पट्ट्या मारायच्या, मशीनच्या जागी रिकामे खोके ठेवायचे आणि कामगारांना मोकळ्या हातांनी सगळं काम करून दाखवायला लावायचं. कुणाचं कोपर कुठं आपटतं हे कागदावर कळत नाही. सुरुवातीला सगळे हसायचे. मग खोके सरकवायचे.

तेच त्यांनी इथं केलं. फक्कीची पिशवी ते घेऊनच आले होते. बेसिन, कमोड, आंघोळीची जागा, सगळं त्यांनी पांढऱ्या रेघांनी आखलं. पालथी बादली म्हणजे कमोड झाला. आंघोळीच्या जागी त्यांनी पाट मांडला, शेजारी पाण्याचा रिकामा मग ठेवला. दिपालीनं एक मोठा खोका आणून मुकाट्यानं त्या कोपऱ्यात ठेवला आणि वर दोनदा थोपटला. चौकट अजून बसायची होती, म्हणून अर्जुनरावांनी दुसऱ्या खोक्याचा मोठा तुकडा फाडून मैत्रीच्या हातात दिला.

"तू दार. या रेघेवरनं आत उघडायचं, अन् याच रेघेवरनं लागायचं."

"मला कडी आहे का?" मैत्रीनं विचारलं.

"आहे. पण आवाज करायचा नाही."

पहिला मान गणराजला मिळाला. तो बेसिनच्या रेघेसमोर उभा राहून बोटानं दात घासू लागला, मग बादलीवर जाऊन बसला.

"बाबा, लावू का दार?"

"लाव बाई. नौशादभाई बघतोय."

"मी तोंड फिरवतो," नौशाद म्हणाला. "होऊ द्या निवांत."

मग दिपालीनं साडीचा पदर खोचला, पाटावर बसून आंघोळ केल्यासारखं केलं, उठली, खोक्याचं झाकण उघडून त्यात नसलेले कपडे टाकले आणि बटण दाबलं. कुठंच काही आपटलं नाही. दार नीट उघडलं, नीट लागलं.

"बघा आबा," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद होता, तो तिला लपवता आला नाही.

अर्जुनरावांनी रेघा परत एकदा नजरेखालून घातल्या. सगळं खरंच बसत होतं. एकेकटं माणूस आत गेलं तर बसतच होतं.

त्यांच्या डोळ्यांसमोर भोसरीची मोरी होती. त्यांची बायको दुर्गाबाई आजारी पडल्या, डावी बाजू गेली, तेव्हापासून शेवटपर्यंत अर्जुनरावांनीच त्यांना आंघोळ घातली. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नव्हत्या, सुनेलासुद्धा नाही. मोरीत दोन माणसं मावत नव्हती. अर्जुनरावांचा एक पाय आत, एक पाय उंबऱ्याबाहेर. दार लागायचं नाही. ते दाराला चादर बांधायचे. पण बाहेर चाळीचा सगळा रस्ता, कुणी पाणी घेऊन जातंय, कुणी शिफ्टला निघालंय, आणि वारा आला की चादर उडायची. दुर्गाबाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त भिंतीकडं तोंड करून बसायच्या. पूर्ण आंघोळ होईपर्यंत भिंतीकडं. अर्जुनराव त्यांच्या पाठीशी बोलायचे आणि त्या भिंतीला उत्तर द्यायच्या.

हे बोलून कसं दाखवायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बायको गेल्यापासून कुणी तिचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. आणि प्लंबरसमोर तर नाहीच नाही.

"मग करू ना फायनल?" नौशादनं खिशातून खडू काढला.

"थांब," अर्जुनराव म्हणाले. "दिपाली, मैत्रीचं डोकं कोण धुतं?"

"मीच. आज रविवारच आहे. तेल थापून आणलंय तिला."

"मग धू."

मैत्री दार सोडून पाटावर जाऊन बसली. दार नौशादच्या गळ्यात पडलं.

"आता हेच राहिलं होतं," तो म्हणाला, पण पुठ्ठा धरून रेघेवर उभा राहिला.

दिपाली लेकीच्या मागं उभी राहायला गेली तर तिथं खोका. पुढं आली तर भिंत. मग ती बेसिनच्या अंगाला सरकून वाकली आणि नौशादनं दार लावलं ते तिच्या कमरेला लागलं.

"वहिनी, तुम्ही दारात आलात."

"असू दे. दार उघडं राहू दे, लेकरूच तर आहे."

"नाही!" अर्जुनराव म्हणाले.

रिकाम्या घरात ते फार मोठ्यानं ऐकू आलं. बाहेर विटा रचणारा माणूसही थबकला. अर्जुनरावांनी आवाज खाली आणला.

"आत दोन माणसं असली तरी दार लागलं पाहिजे. एवढंच म्हणतोय मी. दार लागलं पाहिजे."

दिपाली वाकलेली तशीच राहिली. तिचा हात मैत्रीच्या केसांत होता. मग हळूहळू सरळ झाली आणि तिनं सासऱ्यांकडं बघितलं. मोरीच्या दाराची ती चादर रोज संध्याकाळी तीच धुऊन वाळत घालायची.

वळून तिनं खोक्याला पायानंच ढकललं.

"अहो, उचला हो हा. मध्ये मध्ये येतोय."

"अगं, आत्ता तर तूच..."

"उचला म्हणते ना."

गणराजनं खोका उचलला आणि तो घेऊन तसाच उभा राहिला. "ठेवू कुठं? डोक्यावर?"

"मागच्या ओट्यावर," अर्जुनराव म्हणाले.

मागच्या ओट्यावर त्यांचा हत्यारांचा बाक बसायचा होता. घर बांधायचं ठरलं त्या दिवसापासून ठरलेलं होतं ते.

"आबा, तिथं तुमचा बाक."

"तिथं ऊन येतं. कपडे वाळायला दोरीही तिथंच. बाक जिन्याखाली जाईल."

"जिन्याखाली तुमचं डोकं आपटेल."

"आपटू दे. मला आता थोडाच ओव्हरटाइम करायचाय?"

"म्हणजे मागं पाण्याची अजून एक लाइन आली," नौशाद कण्हला. "अन् ते मला आज, दार झाल्यावर कळतंय."

पण तो हसत होता. त्यानं पुठ्ठा मैत्रीला परत दिला आणि मागं जाऊन भिंतीवर खडूनं फुली मारून आला.

"आता परत एकदा," अर्जुनराव म्हणाले. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात ते जाऊन उभे राहिले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि हात पुढं केला. "तो पाण्याचा मग द्या. बस गं मैत्री."

"मैत्री दार आहे," दिपाली म्हणाली. "आबा, तुम्ही बसा पाटावर. अहो, हा मग तुम्ही धरा."

अर्जुनराव गोंधळले. त्या जागेचा इतका विचार केला, पण त्यात ते स्वतः नेहमी उभे असायचे, हातात मग घेऊन. बसलेलं कुणीतरी दुसरं असायचं.

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. तालीम आहे, आबा. बसा."

ते बसले. गणराज त्यांच्या मागं, त्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. आईच्या आजारपणात त्याची पहिली शिफ्ट असायची. आंघोळीच्या वेळी तो कधीच घरी नसायचा. रिकामा मग त्यानं दोन्ही हातांत धरला होता, भरलेला असल्यासारखा. वडिलांच्या खांद्यावर त्यानं तो सावकाश ओतला.

"गरम आहे का?" त्यानं विचारलं.

"बरं आहे," अर्जुनराव म्हणाले. "कानात नको घालूस."

मैत्रीनं पुठ्ठा रेघेवरनं फिरवत आणला आणि चौकटीच्या जागी टेकवला. कुठं अडला नाही.

"दार लागलं, आबा," ती पुठ्ठ्याच्या पलीकडून म्हणाली. मग वरून डोकावून बघितलं. "दार लागलंय ना? मग भिंतीकडं तोंड करून का बसलाय?"

अर्जुनरावांच्या तेव्हा लक्षात आलं. पाट त्यांनी स्वतःच मांडला होता, बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडं होईल असा.

ते उठले. पाट उचलून फिरवला, दाराकडं तोंड करून ठेवला, आणि परत बसले. नौशादला हाक मारून म्हणाले, "पाण्याचा ढाळ इकडनं काढायचा. पाट असा राहणार."

"लिहून घेतलं," नौशाद म्हणाला. त्याच्या हातात नुसता खडू होता.

गणराजनं दुसरा मग ओतला. अर्जुनरावांनी डोळे मिटले आणि तळहात पुढं केला.

"साबण द्या रे कुणीतरी."