तुळस हलवली तेव्हा

कुसुमकाकूंच्या अंगणात तुळशीभोवती जी भोकं पडली होती ती कशाची, हे सांगायला सगळे तयार होते. ठाऊक मात्र कुणालाच नव्हतं. पाऊस गेल्यावर रघू दरवर्षीप्रमाणे अंगण करायला आला. माती ओढून, लाकडी चोपण्याने बडवून, शेणाने सारवून त्याने तुळशीच्या लग्नासाठी सगळं अंगण घट्ट केलं, आणि तुळशीपाशी येताच चोपणं टाकून मागे सरला. बोट जाईल न जाईल एवढी भोकं, प्रत्येकाच्या तोंडाशी चिमूटभर भुसभुशीत माती, आणि वर घोंघावणाऱ्या निळसर पट्ट्यांच्या माश्या.

"काकू, ह्यांना हात नका लावू," रघू म्हणाला. "जागेवाल्याच्या, राखणदाराच्या हायत ह्या. नारळ ठेवा नि गप ऱ्हावा."

शेजारच्या विमलाताई म्हणाल्या, गांधीलमाश्या आहेत, रॉकेल ओता. हल्ली रॉकेल मिळतं कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलगा उन्मेष पुण्याहून फोनवर म्हणाला, कशालाही हात लावू नकोस, मी येतोय. एक ना धड, भाराभर चिंध्या! सातेरी मधमाशी म्हणावी तर पोळं नाही, गांधील म्हणावी तर एक मेली कुणाला डसेल तर शपथ. प्रत्येकीचं आपलं वेगळं भोक. येते नि आत शिरते. विचार करकरून काकूंच्या डोक्याचं पार भजं झालं.

बरं, भीती त्यांना स्वतःसाठी नव्हतीच. भीती होती ती नवऱ्यासाठी. उभा जन्म मुलांना भूगोल शिकवलेल्या दत्तात्रेयांना अलीकडे स्वतःच्या घरातली मोरी सापडेनाशी झाली होती. एकच गोष्ट ते अजून एकट्याने करत. आंघोळ झाली की तांब्या घेऊन ओटीवरून उतरायचं, तुळस उजव्या हाताला ठेवून विहिरीवर जायचं, पाणी आणून तुळशीला घालायचं, आणि तुळस डाव्या हाताला ठेवून घरात यायचं. सगळं टिकून होतं ते या एका गोष्टीवर. उन्मेषने साफ सांगितलं होतं, "बाबांना अंगणातही एकटं फिरता येईनासं झालं, की तुम्हा दोघांना मी पुण्याला नेणार. मग तुझं काही ऐकायचा नाही." पुण्याचं नाव निघालं की काकूंना उन्मेषचा फ्लॅट डोळ्यांसमोर यायचा. सहाव्या मजल्यावर दाराला कडी लावून बसवलेला नवरा त्यांना बघवला नसता.

उन्मेष सकाळच्या गाडीने आला. बॅग ओटीवर टाकली, चहा घेतला, आणि माश्या बागेत चरायला गेल्यात असं बघून रघूला हाक मारली. दोघांनी मिळून तुळशीचं सिमेंटचं वृंदावन उचललं आणि पार कोपऱ्यात, जांभ्या दगडाच्या गडग्यापाशी नेऊन ठेवलं.

"आता बाबा भोकांकडे फिरकणारच नाहीत," तो हात झटकत म्हणाला. "भोकं उद्या बुजवू."

काकूंना ते पटलंही आणि पटलं नाहीही. नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना.

घटकाभरात माश्या परतल्या, आणि करायला गेले गणपती नि झाला मारुती! एकही माशी भोकात शिरेना. तुळस जिथे होती तिथे सगळ्या घिरट्या घालू लागल्या. खाली उतरायच्या, पुन्हा उठायच्या, पुन्हा फिरायच्या. "चवताळल्या हो, दारं लावा!" विमलाताई गडग्यापलीकडून ओरडल्या. आणि नेमके तेव्हाच दत्तात्रेय तांब्या घेऊन ओटीवरून उतरले. उन्मेष "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत ते अंगणाच्या मधोमध पोचले होते. त्यांनी उजव्या हाताला बघितलं. तिथे काहीच नव्हतं. ते डावीकडे वळले, मागे वळले, पुन्हा उजवीकडे वळले. माश्या त्यांच्या गुडघ्यांभोवती फिरत होत्या आणि ते माश्यांच्या मधोमध फिरत होते.

"कुसुम," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "आपलं घर कुठाय गो?"

घर त्यांच्या पाठीमागेच होतं. काकूंना रडू फुटलं.

"बघितलंस, आई?" उन्मेष म्हणाला. "आता तरी चला."

काकू डोळे पुसत नवऱ्याला धरायला धावल्या, आणि धावता धावता त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे नेलेल्या तुळशीच्या बुडाशी चार-दोन माश्या सारवलेली जमीन उकरत होत्या. तिथे तर भोक कधी नव्हतंच! काकू बघतच राहिल्या. चवताळलेली माशी अंगावर येते, ती माती कशाला उकरेल? ह्या चवताळल्या नव्हत्या. ह्यांना घर सापडत नव्हतं.

"उन्मेष, तुळस जागेवर ठेव."

"अगं, पण ह्या माश्या..."

"ठेव म्हणते ना! आधी ठेव, मग काय ते तुझं पुणंबिणं बोल."

आईचा हा आवाज त्याने लहानपणानंतर ऐकला नव्हता. रघूने आणि त्याने वृंदावन आणून जुन्या खुणेवर टेकवलं. काकू नवऱ्याचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. एक माशी खाली आली, जरा थबकली आणि आपल्या भोकात शिरली. मग दुसरी. मग काकूंनी हात सोडला. सोडताना त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दत्तात्रेयांनी तुळशीकडे बघितलं, ती उजव्या हाताला घेतली आणि विहिरीकडे चालू लागले. तांब्या भरून आले. पाणी तुळशीला घातलं.

उन्मेष अजून अंगणातच उभा होता, हात मातीने भरलेले, कुठे जावं ते कळत नसल्यासारखा. दत्तात्रेय त्याच्यापाशी थांबले. त्याला नीट न्याहाळलं, पण ओळख काही पटली नाही.

"वाट चुकलात वाटतं?" त्यांनी आस्थेने विचारलं. "घाबरू नका. ही तुळस डाव्या हाताला ठेवायची नि सरळ जायचं. समोर आमचंच घर. चहा घेऊन जा."

उन्मेषने आईकडे बघितलं. मग तो "हो" म्हणाला, तुळस डाव्या हाताला ठेवली आणि बाबांच्या मागून घराकडे चालू लागला.