अजूनही लागणारा दिवा

मी एक जुना दिवा आहे, आणि अजूनही लागतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग कुरकुर कसली? तेच तर सांगायचे आहे.

मी साधा दिवा नाही. माझ्यातून उजेडाबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर पडायची. उन्हात असतात तसले, डोळ्यांना न दिसणारे किरण. घरात वाढणाऱ्या कासवाच्या पिल्लाला ते अंगावर मिळाले, तरच खाल्लेल्या पाल्यातले कॅल्शियम अंगी लागते आणि कवच घट्ट होते. माझ्या खोक्यावर हे सगळे छापले होते. मला कधी बदलायचे, तेसुद्धा. पण ते खोके पहिल्याच दिवशी रद्दीत गेले.

मला विकत घेतले एका वायरमनने. त्यांच्या मुलीला, ठमीला, मावशीने अक्रोडाएवढे कासवाचे पिल्लू दिले होते. नाव गोटू. त्याचे घर म्हणजे एक मोठा टब, त्यात माती, पसरट बशीत पाणी आणि एक पालथी कुंडी. वायरमननी मला टबावर पक्के बसवले आणि होल्डरवर मार्करने तारीख लिहिली. आपण बसवलेल्या प्रत्येक दिव्यावर ते तारीख लिहीत. किती टिकला ते लोकांना दाखवायला!

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. गोटू सकाळी माझ्याखाली चारही पाय ताणून पडायचा. अंग तापले की फिरायला निघायचा आणि हमखास कुंडीवर आपटायचा. टक! मला तो आवाज फार आवडे.

सात-आठ महिने गेले आणि माझ्यातले किरण आटले. उजेड मात्र होता तसाच. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पाहुणे आले की वायरमन माझ्याकडे बोट दाखवत. "एकदाही उडाला नाही! हातचं काम आहे माझ्या." मला मेल्याहून मेल्यासारखे होई. एकदा मी जीव खाऊन लुकलुकलो. निदान कोणी विचारील, याला काय झाले? वायरमन आले, होल्डर आवळला, म्हणाले, "झालं. आता बिनघोर." माणूस कामात चोख होता, इथेच माझे नशीब फुटले.

गोटूचे खाणे कमी झाले. चालताना त्याचे पोट जमिनीला घासू लागले. कुंडीवर आपटला तरी टक वाजेना, नुसता भद असा आवाज येई. मी वरून बघत होतो, ऐकत होतो आणि जळत होतो. दुसरे काय करणार?

एके दिवशी ठमी त्याला कोमट पाण्यात बसवत होती.

"बाबा, ह्याची पाठ दबतेय."

"लहान आहे गं अजून. होईल घट्ट."

"मागच्या वर्षी याहून लहान होता, तेव्हा दबत नव्हती!"

 वायरमननी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "दिवाही सोबत आणा," असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मी होल्डरसकट पिशवीत गेलो. गोटू बुटांच्या खोक्यात, ठमीच्या मांडीवर.

डॉक्टरबाईंनी गोटूला तपासले, मग मला हातात घेतले. "ही तारीख कोणी लिहिली?"

"मीच," वायरमन म्हणाले. त्यांची छाती जरा फुगलीच. "दीड वर्ष झालं, उडालेला नाही."

"उडाला असता तर बरं झालं असतं. उजेड आहे, पण ह्यातले किरण केव्हाच संपलेत. दर सहा महिन्यांनी बदलायचा असतो हा."

वायरमन मला उलटसुलट करून बघत राहिले. "लागत होता हो," ते हळूच म्हणाले. "लागत होता म्हणून मी..."

"वाचेल ना?" ठमीचे डोळे भरले होते.

"वेळेत आणलंस. कडा वाकल्यात त्या तशाच राहतील, पण पाठ घट्ट होईल. नवा दिवा लावा. रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, मध्ये काच नको आणि शेजारी सावली हवी. पाल्यावर मी देते ती कॅल्शियमची पूड भुरभुरवा. टबाचा एक कोपरा ओलसर ठेवा. आणि तू गं, रोज पाठ दाबून बघायची नाही!"

घरी नवा दिवा आला. वायरमननी त्याच्यावर दोन तारखा लिहिल्या, एक बसवल्याची आणि एक काढायची. मला त्यांनी टबाशेजारच्या फळीवर, पकडी-स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात टाकले. तिथे पडून मी कान लावून असे. भद. दुसऱ्या दिवशी भद. महिना गेला, दुसरा गेला, तरी भदच.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हांला नेहमी विनवतात, आम्हांला जपा, टाकू नका. मी उलटे मागतो. तुमच्या घरी कासवाचे पिल्लू असेल, तर माझ्यासारख्याच्या उजेडावर भुलू नका. तारीख बघा आणि आम्ही लख्ख जळत असलो तरी वेळेवर उतरवा. आम्हांला वाईट वाटणार नाही.

काल सकाळी ठमी शाळेला निघाली होती. एक बूट पायात, एक हातात. टबात गोटू फिरायला निघाला आणि कुंडीवर आपटला.

टक!

"बाबा!" ठमी ओरडली. वायरमन धावत आले. दोघे टबापाशी उकिडवे बसून तो पुन्हा आपटायची वाट बघत राहिले. डब्यात मीही.