दादाच्या वयाची ओळ

जन्म आणि मृत्यू यांच्यामध्ये जे काही असतं ते सगळं शेवटी एका उभ्या रेघेत मावतं — लुकलुकणाऱ्या, कुणाचीही वाट न पाहणाऱ्या, राजासमोर आणि रंकासमोर सारखीच उघडझाप करणाऱ्या एका बारीक रेघेत... असं धाकट्याच्या मनात आलं, आणि सकाळच्या पहिल्या चहाआधीच आपल्याला हे सुचलं याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं. मग त्यानं चष्मा पुसला, कॉम्प्युटरच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की ती रेघ नसून बिस्किटाचा कण आहे. लुकलुकत होते ते त्याचे डोळे. खरी रेघ, म्हणजे कर्सर, बरीच खाली, एका रिकाम्या रकान्यात उभी होती. त्यानं कण नखानं काढला, इकडेतिकडे बघून तोंडात टाकला, आणि खऱ्या रेघेकडे वळला.

धाकटा पंचाहत्तर वर्षांचा होता. घरात एकदा धाकटा ठरलेला माणूस केस पिकले, दात गेले, पेन्शन सुरू झाली तरी धाकटाच राहतो. त्याला बढती नाही. नोकरीत असताना तो बादल्यांच्या कारखान्यात साचे करायचा. साच्यात केसाएवढा ओरखडा राहिला तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बादलीला तोच ओरखडा, त्याच जागी — या एका भीतीवर त्यानं सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर त्याला शहरातल्या जुन्या फुटबॉलची विकी सापडली. विकी म्हणजे इंटरनेटवरची अशी भिंत, की जिच्यावर कुणीही लिहावं आणि कुणीही पुसावं. आणि जगाच्या रीतीप्रमाणे तिथेही पुसणारेच जास्त होते. खेळाडूंची पानं होती, पण प्रत्येक पान वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं. कुणी जन्म शेवटी टाकलेला, कुणी क्लबचं नाव फोटोखाली दडवलेलं. तेव्हा धाकट्यानं तिथेही साचाच केला. पानावर नुसती माहिती भरायची — नाव, जन्म, जागा, क्लब, मृत्यू — आणि उजवीकडे नीटस चौकट आपोआप उभी राहायची. साच्यात एक अक्षर हललं की शेकडो पानांवर ते हलायचं. म्हणून साच्याला कुलूप होतं, आणि किल्ली धाकट्याकडे.

या साच्याची एक गोष्ट त्याला मनापासून आवडायची. ज्या रकान्यात काही भरलं नाही, ती ओळ साचा दाखवायचाच नाही. लग्न न झालेल्याच्या चौकटीत ‘पत्नी’ ही ओळच नसायची, त्यामुळे तिथे काही राहून गेलंय असं बघणाऱ्याला वाटायचंही नाही. एवढी सभ्यता नातेवाइकांत नसते... पण एका ओळीबाबत धाकट्यानं सभ्यतेच्या पुढे पाऊल टाकलं होतं. मृत्यूचा रकाना रिकामा असेल तर साच्यानं गप्प बसायचं नाही. आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची, आणि लिहायचं: वय इतकं, हयात.

दादाच्या पानावर लिहिलं होतं: गोलरक्षक. वय एकोणऐंशी, हयात.

दादा घरातून गेला त्याला अडतीस वर्षं झाली होती.

हे वाक्य धाकटा मनातसुद्धा पुरं करत नसे. गेला — आणि पुढे तीन टिंबं. कुठल्या अर्थानं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी दुपारी दारात बसून त्यानं बूट घातले, आतून वहिनींनी ‘कुठे?’ विचारलं, तो ‘आलोच’ म्हणाला. भांडण नाही, कर्ज नाही, चिठ्ठी नाही. सुरुवातीची वर्षं घर कारण शोधत राहिलं, मग माणूस शोधत राहिलं, मग कुणी विचारेनासं झालं तेव्हा हायसं वाटून जेवायला बसलं. एकानं त्याला कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवताना पाहिलं होतं, दुसऱ्यानं सर्कशीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवताना — दादाला साधी शिट्टी धड वाजवता येत नव्हती, ट्रंपेट कसला वाजवतोय... तरीही धाकटा त्या गावी जाऊन आला होता. सर्कस पुढे गेली होती. ट्रंपेटवाला पुढच्या गावी सापडला, पण तो फार चांगला वाजवत होता. म्हणजे तो दादा नव्हता.

फोन वाजला. दंतवैद्य. हा धंद्यानं दंतवैद्य आणि उरलेल्या वेळात विकीवरचा सर्वांत कडक संपादक; कीड दिसली की उपटल्याशिवाय त्याला दोन्हीकडे चैन पडत नसे.

“केलंत का, काका?”

“करतोय.”

“कालपण करतोयच म्हणालात. अहो, आपल्याकडे एकशे छत्तीस वर्षांचा लेफ्ट विंगर हयात आहे. — आ करा. अजून मोठा. — तुम्ही नाही हो, पेशंट. — जगातला सगळ्यात म्हातारा माणूस आपल्या साच्यात बसलाय आणि जगाला पत्ता नाही.”

“त्याच्या मृत्यूची तारीख सापडत नाही.”

“तारीख सापडत नाही म्हणून माणसानं मरायचंच नाही का?”

मागे यंत्र घरघरलं. कुणीतरी ‘आँ’ केलं. धाकट्याला वाटलं, आपल्याच बाजूनं.

दोष उघड होता, आणि साच्याचा होता. तारीख नाही म्हणजे माणूस आहे — ही अट धाकट्यानंच लिहिली होती, आणि तोच ओरखडा शेकडो बादल्यांवर उमटला होता. उपायही त्यानंच मान्य केला होता, सगळ्यांसमोर, चर्चेच्या पानावर. एक नवा रकाना: ‘अखेरची खबर’. ती जुनी असेल तर साच्यानं आजचं वय मोजायचं नाही, हयात म्हणायचं नाही. अखेरच्या खबरेच्या वेळी माणूस किती वर्षांचा होता तेवढंच लिहायचं आणि थांबायचं. प्रामाणिक उपाय. दुसऱ्या कुणी सुचवला असता तर धाकट्यानं त्याच्यात खोट काढली असती.

“एक बोलू?” दंतवैद्याचा आवाज एकदम खाली आला, यंत्र थांबलं होतं. “तो गोलकीपर तुमचा कोण लागतो ते मला माहितीये. त्याच्यापुरता अपवाद टाका ना साच्यात. एका पानाचा प्रश्न. मी काही बोलणार नाही.”

“नको,” धाकटा म्हणाला. फार पटकन म्हणाला. माणूस पटकन नको म्हणतो ते बहुधा त्याला हवंच असतं.

“बरं. मग दुपारपर्यंत करून टाका. — चूळ भरा. — तुम्ही नाही, काका.”

फोन ठेवल्यावर धाकट्यानं नवी अट साच्यात उतरवली, दादाच्या पानावर अखेरच्या खबरेचं वर्ष भरलं, आणि जतन करण्याआधी ‘झलक’ दाबलं. झलक म्हणजे करून बघायचं, पण अजून झालेलं नसतं. आयुष्यात हे बटण का नाही, हा विचार त्यानं सवयीनं केला आणि सवयीनंच सोडून दिला. चौकट क्षणभर गेली, परत आली. वय एकोणऐंशी, हयात — नाही. त्या जागी: अखेरची खबर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

एक्केचाळीस.

फोटो तोच होता — दादा गोलखांबाला टेकून, चेंडू काखोटीला मारून उभा. पण आता तो नुसता एक माणूस दिसत होता, तरणा, थोडा गबाळा, ज्याला धाकट्यानं रस्त्यात ‘बाळ, जरा बाजूला हो’ म्हटलं असतं... मी? दादाला? सामन्याच्या वेळी धाकटा कायम गोलजाळ्याच्या मागे बसायचा, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला. त्यामुळे त्यानं दादाचा खेळ सगळा पाठीमागून पाहिला; लोकांना दादाच्या झेपा आठवायच्या, धाकट्याला त्याचे खांदे. झेप घेण्याआधी डावा खांदा किंचित खाली जायचा. गर्दीला कळायच्या आत मला कळायचं तो कुठे जाणार... आणि मान न वळवता तो म्हणायचा, ‘धाकट्या, मागे सरक.’ दरवेळी. धाकटा दरवेळी सरकायचा, आणि दरवर्षी साच्यात दादाचं वय एकानं वाढलं की — केक नाही, मेणबत्ती नाही, कुणाला पत्ता नाही — त्याला बरं वाटायचं: अजून चार वर्षांनी पुढे आहे तो. मी मागे आहे.

त्यानं अखेरच्या खबरेचं वर्ष खोडून यंदाचं वर्ष टाकलं. झलक. वय एकोणऐंशी, हयात. दादा परत आला. इतका बिनबोभाट तो खरा कधीच आला नसता. शेजारच्या रकान्यात साचा विचारत होता: संदर्भ? धाकट्यानं लिहिलं, ‘धाकटा भाऊ’. वाचलं. पुन्हा वाचलं. उद्या त्याला बंदरावर पाहिलेला संदर्भ देईल, परवा सर्कशीत पाहिलेला... त्यानं ते पुसलं. मग वर्षही पुसलं आणि पुन्हा जुनंच लिहिलं. आपल्यासाठी असतं तर एव्हाना करून टाकलं असतं, त्यानं स्वतःला सांगितलं. पण प्रश्न वहिनींचा होता. त्याची बायको वारल्यापासून घरात ही दोघंच होती, दीर आणि भावजय. ही ओळ त्यानं इतकी वर्षं राखली ती त्यांच्यासाठी. कुणीतरी कुठेतरी छापील अक्षरांत म्हणतंय की तुमचा माणूस आहे. ते त्यांच्या हातून काढून घ्यायचं कसं?

“चहा गार होतोय. इतकं काय बिघडलंय?” वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या.

“वहिनी, बसा जरा.”

“बसले की उठताना तुम्हालाच हात द्यावा लागतो. उभ्यानं सांगा.”

त्यानं सांगितलं. साचा, अट, लेफ्ट विंगर, खबर. ती ओळ आता निघेल, हे वाक्य त्यानं दोन-तीनदा निरनिराळ्या बाजूंनी सांगितलं. वहिनींनी कप टेबलावर ठेवला आणि पडद्यावरचं जुनं पान बोट लावून वाचलं.

“एकोणऐंशी. हे कोण?”

“दादा.”

“एकोणऐंशीचे?” त्या नाकातल्या नाकात हसल्या. “भाऊजी, तुम्ही त्यांना पार म्हातारं करून ठेवलंत की. आणि सांगितलंत पण नाही.”

“तारखेनं होतात तेवढे.”

“तारखेनं होत असतील. माझ्याकडे ते एक्केचाळीसच आहेत.” हे त्या दूध नासलं म्हणाव्या तशा म्हणाल्या. “आधी राग यायचा. भांडी आपटायचे मी, तुम्हाला आठवत असेल. मग मी पन्नाशीची झाले, साठीची झाले, ते आपले तिथेच. आता एवढ्याशा पोराचा काय राग धरायचा? परवा स्वप्नात आले, दारात बूट घालत होते. म्हटलं, नाडी नीट बांध, पडशील.”

“दादाला अरे-तुरे केलंत?”

“मग काय या वयात अहो-जाहो करू?”

धाकट्यानं कप जवळ ओढला. चहावर साय धरली होती. म्हणजे या बाईनं वाट पाहणं केव्हाच सोडलं होतं. कटकट न करता, एखादी खिडकी थंडीत लावून घ्यावी आणि मग उघडायचं राहूनच जावं, तसं. आणि मी इथे रोज सकाळी त्याचं वय वाचत होतो — तिच्यासाठी म्हणून, तिच्या नावावर... या घरात दादाचा पत्ता न लागल्यानं ज्याचं खरोखर अडलं होतं ते माणूस स्वयंपाकघरात कधी नव्हतंच. ते जाळ्याच्या मागे बसून होतं. कुणीतरी मागे सरक म्हणावं म्हणून.

“मग काढू ती ओळ?” त्यानं विचारलं. आवाज नको तितका लहान निघाला.

“मला काय विचारता?” वहिनी वळल्याही होत्या. “घरात मोठे तुम्ही.”

धाकट्यानं मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. म्हणजे हे आपल्यालाच — आणि त्याला आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, मागे नव्हे, पुढे, जिथे आजवर कायम एक पाठ असायची तिथे आता नुसतं मोकळं मैदान, भलं मोठं, आणि लांबून कुणीतरी चेंडू घेऊन धावत येतंय, आणि कुठल्या बाजूला झेपायचं ते सांगणारा खांदा समोर नाही... भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण तिच्या कडेकडेनं एक विचित्र, लाज वाटावी असा ताठपणा पाठीच्या कण्यात चढत होता. पडद्यावर तो एक्केचाळीस वर्षांचा पोरगा खांबाला टेकून उभा होता, आणि ‘जतन’च्या बटणावरचं बोट खाली जात नव्हतं, वरही येत नव्हतं.

“आणि भाऊजी,” स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “तेवढं मधाच्या बरणीचं झाकण उघडून द्या. माझ्याच्यानं फिरत नाहीये.”